मॅगझिनमध्ये गोळ्या किती? कायदा मोजतो ते वेगळेच

ठाणे, विशेष प्रतिनिधी

एक पिस्तूल, एक मॅगझिन आणि काही जिवंत काडतुसे हस्तगत, आरोपीवर भारतीय हत्यार कायद्याचे कलम ३ व २५ आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७ (१) व १३५ अन्वये गुन्हा दाखल. या आशयाची बातमी ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या वाचकांना मुळीच नवी नाही. गुन्हे शाखेच्या प्रसिद्धिपत्रकातील हा ठरलेला साचा वाचून आपण पान उलटतो. मात्र पंचनाम्यात काडतुसांच्या जोडीला मॅगझिनची नोंद स्वतंत्रपणे का केली जाते, मॅगझिनमध्ये किती गोळ्या मावाव्यात यावर काही मर्यादा आहे काय आणि बंदुकीत केलेला कोणता फेरबदल गुन्हा ठरतो, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

२ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात जे घडले, त्याने हे प्रश्न विचारणे भाग पाडले. कल्याण पूर्वचे तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांनी पोलीस ठाण्यातील दालनातच शिवसेनेचे (शिंदे गट) कल्याण शहरप्रमुख महेश गायकवाड आणि त्यांचे सहकारी यांच्यावर गोळीबार केल्याचा आरोप आहे. वादाचे मूळ कल्याण पूर्वेतील द्वारली येथील जमिनीत होते. महेश गायकवाड यांच्या शरीरातून शस्त्रक्रियेने सहा गोळ्या काढण्यात आल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. दोन्ही जखमींचे प्राण वाचले. आरोप सिद्ध होणे वा न होणे हा न्यायालयाचा विषय आहे. या लेखापुरती महत्त्वाची बाब एवढीच, की पोलिसांच्या म्हणण्यानुसार वापरलेले शस्त्र परवान्याचे होते. ते गावठी नव्हते, तस्करीचेही नव्हते. मग परवान्याच्या शस्त्रातून एका दमात किती गोळ्या सुटाव्यात, हे कायदा ठरवतो की नाही?

आकडा शोधू जाता सापडत नाही

याचे थेट उत्तर असे, की शस्त्र अधिनियम, १९५९ या मूळ कायद्यात मॅगझिनच्या क्षमतेचा कोणताही आकडा दिलेला नाही. हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याखालील १९६२ च्या नियमांची जागा पुढे शस्त्र नियम, २०१६ यांनी घेतली. या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांची जी वर्गवारी केली आहे, ती प्रामुख्याने तीन गोष्टींवर आधारलेली आहे. शस्त्राची यंत्रणा कशी चालते, त्यातून कोणत्या बोअरचे काडतूस उडते आणि नळीची लांबी किती आहे. दहा गोळ्यांपर्यंत चालेल, अकरावी चालणार नाही, अशा स्वरूपाची ही मांडणी नाही.

मॅगझिन म्हणजे काडतुसे एकावर एक रचून ठेवण्याची पेटी. तळाची स्प्रिंग काडतुसांना वर ढकलते आणि एक गोळी सुटली, की पुढचे काडतूस नळीच्या मागे येऊन बसते. रिव्हॉल्व्हरला अशी पेटी नसते. तिथे काडतुसे फिरत्या चक्रातील कप्प्यांत बसतात. कानपूरच्या आयुध निर्माणीत तयार होणाऱ्या .३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये असे सहा कप्पे असतात. पिस्तुलाचे तसे नाही. मोठे मॅगझिन बसवले, की त्याच पिस्तुलाची क्षमता वाढते. जगातील अनेक देशांचा वाद नेमका इथूनच सुरू होतो.

परदेशात मोजणी गोळ्यांची

अमेरिकेत १९९४ मध्ये झालेल्या संघीय कायद्याने दहापेक्षा अधिक गोळ्या मावतील अशा नव्या मॅगझिनवर बंदी घातली होती. दहा वर्षांची मुदत संपताच, सप्टेंबर २००४ मध्ये ती आपोआप संपुष्टात आली. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी दहाची मर्यादा स्वतंत्र कायद्याने घातली असून तिच्या वैधतेवर न्यायालयीन लढाया झाल्या आहेत. कॅनडात बहुतेक अर्धस्वयंचलित रायफलींसाठी पाच आणि पिस्तुलांसाठी दहा गोळ्यांची मर्यादा आहे. तिथे मोठे मॅगझिन रिव्हेट ठोकून कायमचे कमी क्षमतेचे करता येते. मात्र ती रिव्हेट काढली, की तीच वस्तू प्रतिबंधित उपकरण ठरते. न्यूझीलंडने १५ मार्च २०१९ रोजी ख्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये झालेल्या हत्याकांडानंतर अवघ्या काही आठवड्यांत बहुतांश अर्धस्वयंचलित शस्त्रे आणि मोठ्या क्षमतेची मॅगझिन यांवर निर्बंध आणले.

या देशांत सामान्य नागरिकाला अर्धस्वयंचलित रायफल मिळू शकत होती वा शकते, म्हणून तिच्या गोळ्या मोजण्याची वेळ आली. भारताने दरवाजा त्याआधीच, म्हणजे शस्त्राच्या प्रकारावरच बंद केला. गोळ्यांच्या मोजणीपर्यंत प्रश्न सहसा जातच नाही, तो यामुळे.

चाप दाबलेला असेपर्यंत

शस्त्र अधिनियमाच्या कलम २ मध्ये 'प्रतिबंधित शस्त्रा'ची व्याख्या आहे आणि मॅगझिनचा कळीचा उल्लेख येतो तो इथेच. चापावर दाब दिला असता तो दाब काढून घेईपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत ज्यातून गोळ्या सुटत राहतात, अशी रचना असलेले किंवा तसा बदल केलेले अग्निशस्त्र प्रतिबंधित होय, असा या व्याख्येचा आशय आहे. म्हणजे स्वयंचलित बंदूक. मॅगझिनमध्ये पाच गोळ्या आहेत की तीस, याला इथे महत्त्व नाही. एकदा दाबलेल्या चापाने सलग मारा होतो की नाही, हीच कसोटी आहे. 'रचना असलेले किंवा बदल केलेले' हे शब्दही तितकेच महत्त्वाचे आहेत. कारखान्यातून साधे म्हणून निघालेले पिस्तूल एखादा लहानसा सुटा भाग जोडून सलग मारा करू लागले, तर कायद्याच्या दृष्टीने ते त्या क्षणी वेगळ्या जातीचे शस्त्र झाले. मूळ परवाना त्याला वाचवू शकत नाही.

महाराष्ट्राला या तरतुदीची ओळख आहे ती १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यामुळे. अभिनेता संजय दत्त याला दहशतवादाच्या आरोपातून मुक्त करण्यात आले. मात्र एके-५६ बेकायदा बाळगल्याबद्दल शस्त्र अधिनियमाखाली तो दोषी ठरला आणि मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून त्याची शिक्षा पाच वर्षांवर आणली. ती रायफल वापरली गेली होती काय, हा प्रश्न तिथे गौण होता. तशा जातीचे शस्त्र जवळ असणे हाच गुन्हा होता.

शब्दरचनेला किती वजन असते, हे अमेरिकेतील एका निकालाने दाखवून दिले. लास वेगासमध्ये १ ऑक्टोबर २०१७ रोजी झालेल्या हत्याकांडात मारेकऱ्याने 'बम्प स्टॉक' नावाची दस्त्याची जोडणी वापरली होती. बंदुकीच्या धक्क्याचाच उपयोग होऊन चाप अतिजलद पुन:पुन्हा दाबला जातो, असे तिचे काम. सरकारने ती मशीनगनच्या व्याख्येत बसवून बंदी घातली. परंतु तिथल्या कायद्यातील व्याख्या 'चापाच्या एका क्रियेत एकापेक्षा अधिक गोळ्या' अशी असल्याने आणि या जोडणीत चाप दर गोळीला पुन्हा हलत असल्याने जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केली. आपल्या कायद्यात मात्र केंद्र सरकारला अधिसूचना काढून अन्य शस्त्रेही प्रतिबंधित यादीत टाकण्याचा अधिकार मुळातच दिलेला आहे.

बोअरचा अडसर

स्वयंचलित शस्त्रे वगळली, तरी उरलेली सर्व शस्त्रे खुली नाहीत. अर्धस्वयंचलित रायफली आणि वीस इंचांपेक्षा आखूड नळीच्या बंदुका यांची गणना निर्बंधित वर्गात होते. सैन्य आणि पोलीस यांच्या वापरातील .३०३, ७.६२ मिलिमीटर आणि ९ मिलिमीटर यांसारखी काडतुसे ज्यातून उडू शकतात, ती शस्त्रे 'प्रतिबंधित बोअर'ची समजली जातात. त्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. नागरिकाला सर्वसाधारणपणे मिळू शकते ते 'अप्रतिबंधित बोअर'चे पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, रायफल वा बारा बोअरची बंदूक. .३२ बोअर इतके परिचित आहे, ते यामुळेच. ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हा पट्टा ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येत असल्याने तिथे हे परवाने पोलीस आयुक्तांकडून दिले जातात. जिल्ह्याच्या ग्रामीण भागात तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना, म्हणजे जिल्हा दंडाधिकाऱ्यांना आहे.

गोळ्यांची मोजणी भारतात होते ती परवान्याच्या पुस्तिकेत. एका वेळी जास्तीत जास्त किती काडतुसे जवळ बाळगता येतील आणि वर्षभरात किती विकत घेता येतील, या दोन्ही बाबींची नोंद परवान्यावर असते. म्हणजे मर्यादा आहे, पण ती पेटीवर नसून साठ्यावर आहे. परवान्याच्या अटीचा भंग केल्यास कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, एवढीच शिक्षा आहे. कायद्याच्या इतर तरतुदींशी तुलना करता ती किती सौम्य आहे, हे पुढील तपशिलावरून स्पष्ट होईल.

फेरबदल कशाला म्हणावे?

या विषयाची गुरुकिल्ली कलम ५ आणि कलम ६ मध्ये आहे. कलम ५ नुसार अग्निशस्त्राची निर्मिती, विक्री, रूपांतर, दुरुस्ती किंवा चाचणी यांचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. कलम ६ नुसार बंदुकीची नळी कापून आखूड करणे किंवा नकली बंदुकीचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करणे यासाठीही स्वतंत्र परवाना लागतो. नकली बंदूक म्हणजे जिला बंदुकीचे रूप आहे अशी कोणतीही वस्तू. तिच्यातून गोळी सुटते की नाही, हे पाहिले जात नाही. डिसेंबर २०१९ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने या कलमात एक महत्त्वाची भर घातली. नियमांत नमूद केलेल्या एका वर्गातील शस्त्राचे दुसऱ्या वर्गात रूपांतर करणे हेही आता परवान्याविना गुन्हा आहे.

याच दुरुस्तीने शिक्षा मोठ्या प्रमाणात वाढल्या. कलम ५ किंवा ६ चा भंग करून शस्त्र बनवणाऱ्याला वा बदलणाऱ्याला पूर्वी तीन ते सात वर्षे कैद होती. आता ती किमान सात वर्षे असून जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. प्रतिबंधित शस्त्र बाळगल्यास सात ते चौदा वर्षे, तर ते बनवल्यास वा विकल्यास किमान दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. विनापरवाना साधे शस्त्र बाळगल्यास दोन ते पाच वर्षे. याचा अर्थ असा, की बेकायदा पिस्तूल बाळगणाऱ्यापेक्षा आपल्या परवान्याच्या बंदुकीची नळी हौसेखातर कापून घेणाऱ्याला कायदा अधिक कठोर शिक्षा सांगतो. शस्त्रावरील क्रमांक वा ओळखचिन्ह खोडण्यासही कलम ८ ची मनाई आहे. असे शस्त्र ज्याच्याकडे सापडते, त्यानेच ते खोडले असे गृहीत धरले जाते. तसे नाही, हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच येतो.

मग केवळ मोठे मॅगझिन बसवणे हा फेरबदल ठरतो काय? त्याने शस्त्राचा वर्ग बदलत नाही, म्हणून कलम ६ सरळ लागू होत नाही. परंतु एवढ्यावरून ते मोकळे ठरत नाही. कायद्याच्या व्याख्येत 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे सुटे भागही येतात. कलम ४५ मध्ये किरकोळ भागांना सूट आहे, परंतु तिला अट आहे. त्या व्यक्तीकडे वा अन्य कुणाकडे असलेल्या पूरक भागांसह ते वापरण्याचा हेतू नसेल, तरच ही सूट मिळते. खिशात मॅगझिन आणि मित्राकडे पिस्तूल, अशा स्थितीत ही सूट टिकणे कठीण. पंचनाम्यात मॅगझिनची स्वतंत्र नोंद का होते, याचे उत्तर इथे मिळते. याशिवाय कलम १० नुसार शस्त्राच्या आयातीला परवाना लागतो. अमेरिकेतून सुटीवर येणाऱ्या नातेवाइकाने तिथल्या दुकानात सहज मिळणारे मॅगझिन 'भेट' म्हणून बॅगेत टाकले, तर विमानतळावर ती भेट राहत नाही.

एअरगनची हौस

शहरी वाचकाचा या कायद्याशी थेट संबंध येण्याची शक्यता सर्वाधिक आहे ती एअरगनमुळे. ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ इंचांपर्यंतचा बोअर आणि छऱ्याची ऊर्जा वीस ज्यूलपर्यंत असलेल्या एअरगनला २०१६ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. यांपैकी एक जरी मर्यादा ओलांडली, तरी परवाना आवश्यक ठरतो. दुकानातून परवान्याविना आणलेल्या एअरगनला अधिक जोरकस स्प्रिंग बसवून तिची ताकद वाढवणे हा अनेकांना निव्वळ हौसेचा भाग वाटतो. परंतु ऊर्जा वीस ज्यूलच्या पुढे गेली, की घरात विनापरवाना शस्त्र आले. बाहेरून बंदूक तीच दिसते. कायद्याच्या लेखी ती बदललेली असते.

जानेवारी २०१९ मध्ये डोंबिवलीतील एका फॅशनच्या दुकानातून गुन्हे शाखेने सुमारे १७० शस्त्रे जप्त केली होती. त्यांत एअरगनबरोबरच तलवारी, चाकू, कुकऱ्या होत्या. हा साठा पाहून डोंबिवलीकर चकित झाले होते. मध्यमवर्गीय वस्तीतही शस्त्रांविषयी किती बेफिकिरी असू शकते, याचा तो नमुना होता. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारेही शस्त्रांच्या अनुसूचीत येतात. घरगुती, शेती वा उद्योगाच्या कामासाठी बनवलेली पाती तेवढी त्यातून वगळली आहेत.

मूळ प्रश्न माणसाचा

उल्हासनगरच्या घटनेनंतर सहाच दिवसांनी, ८ फेब्रुवारी २०२४ रोजी, माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक प्रक्षेपण सुरू असताना गोळ्या घालून हत्या झाली. मारेकरी मॉरिस नोरोन्हा याने नंतर स्वत:वरही गोळी झाडून घेतली. वापरलेले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावे परवाना असलेले होते, असे पोलिसांनी सांगितले. परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अनुमतीने, तीही दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण किंवा खुद्द धारकाच्या वापरासाठी म्हणून, दुसरी व्यक्ती शस्त्र नेऊ शकते. याहून अधिक सवलत कलम ३ देत नाही. परवाना व्यक्तीला असतो, कपाटाला नव्हे.

या दोन्ही घटनांत चर्चा झाली ती परवान्याच्या शस्त्राची. बेकायदा फेरबदलाची किंवा परदेशी बनावटीच्या तीस गोळ्यांच्या मॅगझिनची नव्हे. मॅगझिनच्या आकड्याचा वाद आपल्याकडे आयात करण्यापूर्वी हे ध्यानात घेतले पाहिजे. बंद खोलीत, हातभर अंतरावर, साध्या पिस्तुलातील नेहमीच्या गोळ्याही पुरेशा ठरतात. आपल्या कायद्याने शस्त्राच्या जातीवर घातलेला बांध भक्कम आहे. बेकायदा बदल करणाऱ्यासाठी शिक्षाही जबर आहे. बांधाला भगदाड आहे ते परवाना हाती आलेल्या माणसाच्या बाबतीत.

परवाना देण्यापूर्वी पोलीस अहवाल मागवला जातो. २०१६ च्या नियमांनी शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण यांची भर घातली. प्रत्येक परवान्याला विशिष्ट ओळख क्रमांक देऊन त्याची नोंद राष्ट्रीय माहितीसाठ्यात करण्यात आली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. परंतु त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. म्हणजे धारकाची नव्याने तपासणी होण्याची हमखास वेळ पूर्वीपेक्षा दोन वर्षांनी लांबली. पाच वर्षांत माणसाचे व्यवहार बदलतात, वैर निर्माण होते, जमिनींचे भाव चढतात आणि त्यासोबत वादही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात तर विशेषच. सार्वजनिक शांतता वा सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार कलम १७ ने परवाना प्राधिकाऱ्याला दिलेला आहे. त्यासाठी मुदत संपण्याची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. हा अधिकार गोळी सुटल्यानंतर वापरला जातो की पोलीस ठाण्यात पहिली तक्रार आल्यावर, यावर बरेच काही अवलंबून आहे.

परवानाधारकाने पाळावयाची पथ्ये साधी आहेत. दुरुस्ती अधिकृत परवानाधारक विक्रेत्याकडेच करावी, पुस्तिकेतील काडतुसांची नोंद आणि कपाटातील संख्या जुळती ठेवावी, सुटा भाग बाहेरून मागवू नये आणि शस्त्र दुसऱ्याच्या हाती देऊ नये. लग्नाच्या वरातीत आनंदाच्या भरात हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे. मॅगझिनमध्ये किती गोळ्या भराव्यात, हे कायद्याने सांगितलेले नाही. ते मॅगझिन ज्याच्या हाती आहे, त्याच्यावर लक्ष ठेवण्याचे काम मात्र कायद्याने प्राधिकाऱ्यांवर सोपवलेले आहे, आणि ते पाच वर्षांतून एकदा करण्याचे काम नव्हे.